वाणीदादाची खिडकी

दुकानदाराने तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं, हे खरं आहे. काउंटरवर नवा फोन खोक्यातून काढून ठेवलेला, तो चालू करायचं काम चाललेलं, आणि तो म्हणाला, "ताई, मुलीचं वेगळं खातं काढून वय खरं टाकलं, तर..."

"तर कटकट होते, माहितीये मला," ती म्हणाली. "हे उघडत नाही, ते चालत नाही, शाळेचं अ‍ॅप रुसून बसतं. माझंच खातं टाका त्यात आणि मोकळे व्हा."

दुकानदाराने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्यामागे ताटकळलेल्या माणसांकडे, आणि टाकलं. गिऱ्हाइकालाच घाई असेल तर दुकानदार तरी कशाला तोंडाची वाफ दवडेल? अशा रीतीने सहावीत शिकणारी एक पोर त्या फोनच्या लेखी चौतीस वर्षांची बाई झाली, आणि चौतीस वर्षांच्या बाईला जी जी दारं उघडी असतात ती सगळी तिला उघडी झाली.

आता ही आई काही निष्काळजी नव्हती. उलट तिच्या काळजीची घरात थट्टा व्हायची. पोरीच्या बुटाची नाडी सैल दिसली तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. पदवीपर्यंत शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली, मुलांच्या वाढीवरचे लेख कापून ठेवणारी. पण तिची नोकरी होती कुरियर कंपनीच्या तक्रार विभागात, आणि त्या नोकरीने तिला एक खोड लावली होती. कानाला हेडफोन लावून ती दिवसभर चिडलेल्या माणसांचं ऐकायची. माणूस म्हणायचा, "अहो, माझं पार्सल..." की ही म्हणायची, "पोचलं नाही, बरोबर? नंबर सांगा." माणूस म्हणायचा, "खोकं आलं पण..." की ही, "आत वस्तू फुटलेली आहे, हो ना?" समोरच्याच्या तोंडातलं वाक्य अर्ध्यावर उचलायचं आणि पुरं करून त्याच्या हातात द्यायचं. दहात नऊ वेळा ते बरोबर निघायचं. इतरांचा एक फोन उरकेपर्यंत हिचे दोन उरकायचे, आणि साहेब नव्या पोरींना हिच्या शेजारी शिकायला बसवायचे.

ऑफिसातली ही हुशारी घरी येताना कोणी खुंटीला अडकवून येत नाही. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, मुळात अबोल. त्याला तर बरंच वाटायचं, की आपलं बोलायचं काम परस्पर होतंय. पण पोर अडखळत बोलायची.

तिला घरात मुंगी म्हणत. मुंगीचं वाक्य म्हणजे अरुंद दारातून आत घ्यायचं कपाट. पहिलं अक्षर चौकटीला अडायचं, मान ताणली जायची, डोळे मिटायचे. ते बघवायचं नाही म्हणून घरातली सगळी माणसं धावून कपाटाला हात लावायची. "पा... पा..." म्हटलं की आई पाण्याचा पेला पुढे करायची. मुंगी पाणी पिऊन घ्यायची. तिला खरं म्हणजे पाटीबद्दल काही सांगायचं असायचं, किंवा पायाबद्दल, किंवा पावसाबद्दल, पण तोपर्यंत विषय मिटलेला असायचा आणि पोट पाण्याने भरलेलं असायचं.

या सत्रात मुंगी जेवणाच्या टेबलावर विचित्र वागू लागली. पाव नको, सूप नको, गरम काही नको. थंड दूध, तेही नळीने, तोंडाच्या एका बाजूने. आईच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. डोळ्यांत तेल घालून बसलेली बाई ती.

"तोंडात काय झालंय? ब्रश लागला का?"

मुंगीने मान हलवली. आईने मलम आणलं.

चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच. "गरम खाल्लंस ना घाईघाईने?" मुंगीने मान हलवली. पुढच्या आठवड्यात आईला जिभेच्या कडेला लाल दिसलं. "दाढ येतेय वाटतं. तीच घासतेय, हो ना?" मुंगीने मान हलवली. दुखणं एक, कारणं तीन, आणि तिन्हींना होकार. ऑफिसात असा ग्राहक आला असता तर तिने लगेच वरच्या साहेबांकडे पाठवला असता.

रविवारी धाकटी नणंद आली. ही एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, आणि शिकवणाऱ्या माणसांना असते तशी तिला सुट्टीच्या दिवशीही शिकवल्याशिवाय करमायचं नाही. मुंगी अंघोळीला गेली तेव्हा तिने टेबलावरचा तिचा फोन उचलला.

"वहिनी, हिचा फोन तू बघतेस ना?"

"रोज बघते. काय काय उघडलं त्याची अख्खी यादी बघते. एक वावगी गोष्ट सापडली तर सांग."

नणंदेने यादी वर ढकलली, खाली ढकलली. "गुडघेदुखीवर व्यायाम. सवलतीत पडदे. कुरियर कंपनीच्या सुट्ट्या. पुन्हा पडदे. हे तुझं आहे."

"एकच खातं आहे ना. माझ्या फोनवरचं तिथे दिसतं, तिथलं माझ्याकडे."

"ते कळलं. पण यात मुंगी कुठेय?"

"म्हणजे?"

"सहावीतली पोरगी. फोन मिळून वर्ष झालं. एक चित्र नाही, एक खेळ नाही, मांजराचं पिल्लू नाही. माझ्या वर्गातली पोरं दर तासाला शंभर उचापती करतात. फोन मुंगीचा आणि त्यात मुंगीचा मागमूस नाही. तुला हे चांगलं लक्षण वाटलं?"

"मला वाटलं, शहाणी आहे."

"वहिनी, इतकं शहाणं कोणीच नसतं. मीही नाही, आणि तू तर पडदे बघतेस." असं म्हणत तिने कुठेतरी बोट लावलं आणि फोनचा पडदा काळा झाला. "हे बघ. ही प्रायव्हेट विंडो. हिच्यात जे कराल त्याची नोंद राहत नाही. फक्त खिडकी बंद करायची राहिली, तर आतलं तसंच दिसतं."

खिडकी बंद करायची राहिली होती.

आत एक पान होतं. वर लिहिलं होतं 'मोकळी जीभ', आणि खाली हसऱ्या माणसाचं चित्र. तो स्वतःला वाणीदादा म्हणवत होता. त्याच्याशी मुंगीचं बोलणं चाललेलं होतं, कितीतरी दिवसांचं. आई उभ्याने वाचू लागली आणि वाचता वाचता खाली बसली.

वाणीदादाने लिहिलं होतं, की अडखळणारी मुलं खरं तर सर्वांत हुशार असतात, फक्त त्यांची जीभ खाली बांधलेली असते. जिभेखाली एक पातळ धागा असतो, तो रोज थोडा सोडवायचा. दुखेल, पण दुखणं म्हणजे जीभ सुटतेय याची खूण. घरी सांगायचं नाही. घरच्यांना तुमचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायला वेळ नसतो, ते तुमचं दुखणं कुठे ऐकणार? माझ्याकडे येताना काळ्या खिडकीतूनच ये, म्हणजे मागे काही उरत नाही. आणि शेवटचा टप्पा येत्या शनिवारी, व्हिडिओवर, मी सांगेन तसं. घरी कोणी नसेल अशी वेळ कळव.

मुंगीने खाली लिहिलं होतं, 'शनिवारी आई अकराला कामावर जाते.'

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे तिने त्या दिवसापर्यंत नुसतंच ऐकलं होतं. ज्याला जीभ उचलून टाळ्याला लावण्यापलीकडे काही येत नाही, असा कोणी एक चोर तिच्या घरात, तिच्या सोफ्यावर, तिच्या पोरीच्या तोंडात बोटं घालून बसला होता. आणि ती स्वयंपाकघरात उभी राहून मलमाचं झाकण उघडत होती.

मुंगी ओल्या केसांनी बाहेर आली. आत्याच्या हातातला काळा पडदा तिला दिसला आणि ती दारातच थांबली.

"त्याने धमकी दिली ना तुला?" आई म्हणाली. मान हलली. "घाबरून केलंस ना?" मान हलली. "फोटो मागितला? मागितलाच असेल." मान हलली.

"वहिनी, थांब," नणंद म्हणाली. "मुंगे, त्या फोनमधून हत्ती आला होता का गं?"

मान हलली. मग मुंगीच्या लक्षात आलं, आणि तिच्या चेहऱ्यावर रडू आणि हसू एकाच वेळी आलं.

"बघ," नणंद हळूच म्हणाली. "ती सगळ्यालाच हो म्हणते. त्यात वेळ कमी लागतो."

संध्याकाळी नवरा आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो सवयीने म्हणाला, "मुलं करतात असं काहीबाही. आपणसुद्धा लहानपणी..."

या वेळी तिने त्याचं वाक्य पुरं केलं नाही. "बोला. काय केलंत लहानपणी? परक्या माणसाच्या सांगण्यावरून तोंड फाडून घेतलंत? पुरं करा वाक्य, मी ऐकतेय."

लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात वापरायची बॅटरी त्याने पिशवीतून काढली, पोरीला खिडकीपाशी बसवलं, "आ कर" म्हणाला आणि जिभेखाली उजेड टाकला. मग बॅटरी बंद केली आणि दुसऱ्या दिवसाची रजा सांगायला फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी दोघं पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, वेळेवर आलात. आणि जिभेखालच्या त्या धाग्याचा अडखळण्याशी काडीचाही संबंध नाही. ज्याने हे सांगितलं त्याला ना जीभ कळते ना बोलणं. त्यांनी तिघांना त्याच मजल्यावर अडखळणाऱ्या मुलांसोबत काम करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. लहानशी खोली, भिंतीला लागून तीन खुर्च्या, टेबलावर लाकडी ठोकळे. बाईंनी मुंगीला विचारलं, "हे त्या खिडकीत जाऊन का शोधलंस?"

"तिला लाज वाटली असणार," आई म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे न बघता फक्त एक हात वर केला, वाहतूक थांबवतात तसा. आणि थांबल्या. आईला किमान सात उत्तरं सुचली होती. ती सातही तिने दातांखाली धरून ठेवली.

"मी आधी सा... साध्याच खिडकीत लिहिलं होतं," मुंगी म्हणाली. प्रत्येक शब्द चौकटीला घासत होता. "की तोतरं बो... बोलणं कसं थांबतं. मग ते आईच्या फोनवर आलं. जेवताना. बा... बाबा म्हणाले, कोण तोतरं? आणि हसले. आई म्हणाली, मीच कधीतरी शोधलं अ... असेल. मग मी तिकडे गेले."

नवऱ्याला ते जेवण आठवतही नव्हतं.

"आणि तो?" बाईंनी विचारलं.

"तो मला लि... लिहून पूर्ण करू द्यायचा."

आईने आयुष्यात बऱ्याच शिव्या ऐकल्या होत्या, नोकरीच तसली. यापेक्षा जिव्हारी लागलेलं तिला काही आठवेना.

पण स्वतःला दोष देत कोपऱ्यात बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि तिचं म्हणणं होतं की सगळा दोष आईच्या पदरात टाकून बाकीच्यांनी हात झटकू नयेत. ती आधी दुकानात गेली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, तेच सांगत होतो. वय खरं टाकलं तर ती काळी खिडकी मुलांना उघडत नाही. तुम्ही बोलू दिलं नाहीत."

"मी बोलू दिलं नाही म्हणून तुम्ही गप्प बसलात? औषधवाला पोराच्या हातात विषाची बाटली देताना आई घाईत होती म्हणून गप्प बसतो का?"

"सगळ्यांनाच घाई असते, ताई. मी एकट्याने किती जणांशी भांडू?"

ती तशीच रागाने घरी आली. नणंदेने नवं खातं काढून दिलं, मुंगीचं, खऱ्या जन्मतारखेचं, आईच्या देखरेखीखालचं. सेटिंगच्या पोटात सेटिंग, त्याच्या पोटात आणखी एक. दोन शिकल्यासवरल्या बायका, त्यातली एक तर कॉम्प्युटरची शिक्षिका, आणि चहा दोनदा गार झाला. शेवटी एकदाचा काळ्या खिडकीचा पर्याय मुंगीच्या फोनवरून नाहीसा झाला.

"उघडायला एक बोट," आई म्हणाली, "आणि बंद करायला अख्खी दुपार. खोकल्याच्या बाटलीलासुद्धा पोरांना फिरवता येऊ नये असं झाकण लावतात. ते झाकण आईने घरी बनवून लावायचं नसतं, कारखान्यातून येतं. आणि एवढा महागाचा फोन बनवणाऱ्यांना हे सुचलं नाही? सुचलं, वन्सं, सुचलं. पण उघडी खिडकी त्यांना परवडते."

"मला 'वन्सं' म्हणालीस म्हणजे फारच चिडलीस," नणंद म्हणाली.

चिडून ती पोलीस चौकीत गेली. समोरच्या माणसाने सगळं ऐकून विचारलं, "मुलीला काही झालंय का? म्हणजे, गंभीर असं?" ती म्हणाली, "होईपर्यंत थांबून मग येऊ?" त्याने अर्ज ठेवून घेतला. जिथे ते पान होतं त्या कंपनीलाही तिने लिहिलं, पुराव्यांसकट, सविस्तर, मुद्देसूद. तक्रार कशी लिहावी हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. लगेच उत्तर आलं: 'आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे.' तिने ते वाचलं आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण हेच वाक्य ती स्वतः रोज हेडफोनमधून लोकांना ऐकवायची, आणि ते म्हणताना ती बहुधा पुढच्या फोनची बटणं दाबत असायची.

दुसरं उत्तर शुक्रवारी आलं. कारवाई झाली होती. पान काढून टाकण्यात आलं होतं. विषय संपला.

तिने ते मुंगीला वाचून दाखवलं. वाटलं, पोर सुटकेचा श्वास टाकेल. मुंगी फोनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता नि... नि..."

आईच्या ओठांवर चार शब्द आले. निवांत. निर्धास्त. निघून गेला. निजायचं. तिने टेबलाची कड घट्ट धरली आणि थांबली.

"निळापतंगचं का... काय?"

मग हळूहळू बाहेर आलं. त्या पानावर मुंगी एकटी नव्हती. सगळ्यांनी लिहायची एक जागा होती, आणि तिथे 'निळापतंग' या नावाने एक मूल लिहायचं. मुलगा की मुलगी, मुंगीला ठाऊक नाही. गाव ठाऊक नाही, देशही ठाऊक नाही. एवढंच ठाऊक की त्याला 'ह' म्हणता येत नाही. वर्गात हजेरी घेताना 'हजर' म्हणायच्या जागी ते नुसता हात वर करतं, बाई वर बघत नाहीत आणि गैरहजरी लागते. दोन मजली पलंगावर वर झोपतं, खाली धाकटा भाऊ. जखमेत पू झाला होता तेव्हा वाणीदादाने त्याला लिहिलं होतं, की शूर मुलं थांबत नाहीत. आणि त्याचाही शेवटचा टप्पा शनिवारीच होता, मुंगीच्या नंतर.

"मी त्याला सांगणार होते," मुंगी म्हणाली, "की ते खो... खोटं आहे. डॉक्टर म्हणाले. आता कुठे सांगू?"

कंपनीने पान पुसलं, आणि त्या पोरापर्यंत जाणारा एकुलता एक दोरही पुसला. वाणीदादा कुठे गेला हे कोणी विचारलं नाही. अशा माणसाला नवी खिडकी उघडायला कितीसा वेळ लागतो? एक बोट. तिने कंपनीला पुन्हा लिहिलं, की त्या जागेवर कोण कोण मुलं होती ते पोलिसांना तरी कळवा. तक्रार क्रमांक बंद झाला आहे, असं उत्तर आलं. चोर पळाला, पोर हरवलं, आणि कागदोपत्री सगळं छान झालं.

शनिवारी ती कामावर गेली नाही. मुंगी आणि ती स्वयंपाकघरात बसून राहिल्या, मधूनमधून मुंगी काहीतरी सांगायची आणि ते पुरं व्हायला लागेल तेवढा वेळ लागायचा. अकरा वाजले तेव्हा दोघींनीही घड्याळाकडे बघणं टाळलं. दोघींच्या मनात एकच पोर होतं, वरच्या पलंगावरचं.

ती आता भेटेल त्याला सांगत सुटली आहे. ऑफिसात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी. लोक म्हणतात, बाईने डोक्यात राख घालून घेतली आहे. घेतली आहे. आणि हे वाचणाऱ्याकडेही तिचं एकच मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, तुमच्या वर्गात हजेरीला नुसता हात वर करणारं एखादं मूल असेल, अलीकडे गार दूध नळीने पीत असेल, आणि विचारलं की प्रत्येक गोष्टीला मान हलवत असेल, तर त्याच्या फोनमध्ये ती काळी खिडकी आहे का ते बघा. पण ते नंतर. आधी त्याच्याजवळ जाऊन बसा, काय झालं ते विचारा, आणि ते बोलायला लागलं की तुम्ही बोलू नका. त्याचं सांगून संपलं की दिवा लावा आणि त्याच्या जिभेखाली बघा. आजच बघा.